क्वेरी तीच, वागणूक वेगळी

प्रोग्राम डेटाबेसकडे माहिती मागतो (या मागणीला क्वेरी म्हणतात), तेव्हा दोघांच्या मधे ड्रायव्हर नावाचा एक थर राबत असतो. एके काळी हा थर प्रत्येक कंपनीचा आपापला होता. सी भाषेतल्या प्रोग्राममध्येच एसक्यूएल, म्हणजे क्वेरीची भाषा, लिहायचं आणि ते त्या त्या डेटाबेसच्या प्रीकंपायलरमधून, म्हणजे त्याचं सी कोडमध्ये रूपांतर करणाऱ्या साधनातून, काढायचं. डेटाबेस बदलला, की प्रोग्राम पुन्हा बांधायला घ्यायचा.

१९९२ साली मायक्रोसॉफ्टनं ओडीबीसी हा वेगवेगळ्या डेटाबेसांसाठीचा सामाईक इंटरफेस आणला. प्रोग्रामनं ठरावीक फंक्शन्स वापरायची, आणि मधला ड्रायव्हर मॅनेजर ती योग्य ड्रायव्हरकडे पोचवणार. १९९७ मध्ये जावा भाषेच्या जेडीके १.१ या साधनसंचाबरोबर जेडीबीसी हा जावाचा तसाच इंटरफेस आला. पायथॉननं आणखी वेगळी वाट धरली. तिथली डीबी-एपीआय ही लायब्ररी नाहीच, ते नियमांचं एक टिपण आहे: पेप २४९ (पेप म्हणजे पायथॉनच्या क्रमांक दिलेल्या प्रस्तावांपैकी एक). ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी ते पाळायचं.

वरवर पाहिलं तर तिन्ही सारखेच. कनेक्शन उघडा, क्वेरी चालवा, ओळी वाचा, बंद करा. खरा फरक आहे तो न सांगता घडणाऱ्या गोष्टींत, आणि तुलना करताना नेमका तोच भाग राहून जातो.

ऑटोकमिट घ्या, म्हणजे प्रत्येक बदल आपोआप कायम (कमिट) होणं. ओडीबीसी आणि जेडीबीसीमध्ये ते सुरुवातीपासून चालू असतं. नोंद घातली, की ती लगेच कायम झाली. पेप २४९ सांगतं, की सुरुवातीला ते बंद हवं. म्हणजे पायथॉनमध्ये नोंद घातली, कमिट केलं नाही आणि कनेक्शन बंद केलं, तर नोंद गेली. एररसुद्धा येत नाही. उलट जेडीबीसीमध्ये एका खात्यातून पैसे वजा झाले आणि दुसऱ्यात जमा होण्याआधी प्रोग्राम कोसळला, तर वजाबाकी तशीच राहते. म्हणून इंटरफेस निवडताना पहिला प्रश्न वेगाचा नसावा. ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच कायम किंवा रद्द होणाऱ्या बदलांचा गट, कोण सुरू करतं, हे आधी विचारावं.

याच ऑटोकमिटचा धागा मेमरीपर्यंत जातो. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसचा जेडीबीसी ड्रायव्हर एरवी क्वेरीचं सगळं उत्तर एकदम मेमरीत ओढतो. लाखो ओळी असतील तर प्रोग्रामचा श्वास कोंडतो. त्या टप्प्याटप्प्यानं हव्या असतील तर फेच साइझ, म्हणजे एका वेळी किती ओळी आणायच्या तो आकडा, ठरवावा लागतो, पण ऑटोकमिट चालू असेल तर तो लागूच पडत नाही. फेच साइझ लिहूनही मेमरी भरते, आणि कारण सापडता सापडत नाही.

क्वेरीत बाहेरून आलेलं मूल्य कधीही मजकूर जोडून घालू नये. त्यासाठी पॅरामीटर आहेत, म्हणजे क्वेरीत मूल्याच्या जागी फक्त खूण ठेवायची आणि मूल्य वेगळं द्यायचं; ते तिन्हीकडे आहेत. ओडीबीसी आणि जेडीबीसीमध्ये त्यांची खूण प्रश्नचिन्ह; पायथॉनमध्ये मात्र पाच पद्धतींना मुभा आहे. त्यामुळे ड्रायव्हर बदलला तर क्वेऱ्याही बदलाव्या लागू शकतात. इथे पायथॉनचा करार ढिला पडतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता अपाचे ॲरो या स्तंभरूप डेटासाठीच्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातून एडीबीसी हा नवा इंटरफेस आला आहे. ओडीबीसी आणि जेडीबीसीची घडण ओळींच्या हिशेबानं झाली. हे डेटा स्तंभांच्या रूपात देतं. विश्लेषणासाठी मोठे तक्ते उचलायचे असतील तर ते जरूर तपासावं. एकेक नोंद घालणाऱ्या, बदलणाऱ्या ॲप्लिकेशनला मात्र जेडीबीसी किंवा ओडीबीसी आजही पुरेसं आहे. फक्त ऑटोकमिट चालू ठेवायचं की बंद, ते कनेक्शन उघडताक्षणी कोडमध्ये स्पष्ट लिहावं.