सुदानच्या युद्धात कोण कुणाच्या बाजूनं?

श्रोतेहो, नमस्कार.

सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ ला यादवी पेटली. बातम्यांत दोन नावं सतत कानावर येतात. एक लष्करप्रमुख अब्देल फताह अल-बुऱ्हान. दुसरा ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ या निमलष्करी दलाचा म्होरक्या मोहम्मद हमदान दगालो, ऊर्फ हेमेदती. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतला ‘सुदान ब्लॉक’ ज्या देशाच्या देणगीतून उभा राहिला, तो हा देश. तिथं कोण कुणाशी का लढतंय, हे आपल्याला कळायला हवं.

२००३ मध्ये पश्चिम सुदानातल्या दारफूर प्रांतात बंड झालं. ते मोडायला राजधानी खार्टूमच्या सरकारनं जंजावीद या अरब सशस्त्र टोळ्यांना शस्त्रं पुरवली आणि गावंच्या गावं जळाली. पुढे २०१३ मध्ये, ओमर अल-बशीर यांच्या राजवटीत, त्याच टोळ्यांमधून हे निमलष्करी दल उभं राहिलं. लष्कर आज ज्याच्याशी झुंजतंय, त्याला पोसलं लष्करी सत्तेनंच. मग दारफूरच्या सोन्यावर हेमेदतीचा हात पडला आणि त्याला खार्टूमच्या पैशाची गरज उरली नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये, बशीर गेल्यावर आलेलं नागरी सरकार बुऱ्हान आणि हेमेदती या दोघांनी मिळूनच उलथलं. बिनसलं ते पुढे. दल लष्करात कधी विलीन करायचं? लष्कर म्हणे दोन वर्षांत, हेमेदती म्हणे दहा.

आता गुंता पाहा. दारफूरचे जुने बंडखोर मिन्नी मिन्नावी आज त्याच लष्कराच्या बाजूनं लढताहेत. उलट दक्षिणेकडच्या नुबा डोंगरातले बंडखोर नेते अब्देलअझीझ अल-हिलू २०२५ मध्ये हेमेदतीला जाऊन मिळाले. इजिप्त लष्कराच्या पाठीशी आहे. हेमेदतीला शस्त्रं पुरवल्याचा आरोप संयुक्त अरब अमिरातीवर आहे. अमिराती तो नाकारते.

दोघेही सारखेच, असं म्हणून हात झटकणं मला पटत नाही. लष्करानं भरल्या बाजारांवर बाँब टाकले, ते त्याच्या नावावर लिहा. दारफूरमधल्या अल-जिनेनात २०२३ मध्ये मसालित या बिगरअरब जमातीच्या लोकांना वेचून मारलं, ऑक्टोबर २०२५ मध्ये दीड वर्षाच्या वेढ्यानंतर दारफूरमधलंच अल-फाशर शहर पडलं आणि तिथं कत्तल झाली, ते हेमेदतीच्या दलाच्या नावावर लिहा.

आणि ज्यांच्या हाती बंदूकच नाही, त्यांना विसरू नका. डिसेंबर २०१८ मध्ये पाव महागला म्हणून अतबारा शहरातले लोक रस्त्यावर आले. त्या आंदोलनानं बशीर यांना घालवलं. त्यातूनच वस्त्यावस्त्यांत प्रतिकार समित्या बळावल्या. त्यांतलीच माणसं आता सामुदायिक स्वयंपाकघरं चालवतात, जखमींना दवाखान्यात पोचवतात आणि दोन्ही बाजूंकडून पकडली जातात. मे २०२३ मध्ये सौदी अरेबियातल्या जेद्दात वाटाघाटी झाल्या, तेव्हा तिथं फक्त दोन सेनापतींचे प्रतिनिधी बसले होते. या लोकांना कुणी बोलावलंच नाही. त्यांची घोषणा मात्र युद्धाच्या आधीपासून तीच आहे : लष्करानं बराकीत जावं, जंजावीद, म्हणजे हेमेदतीचं दल, बरखास्त व्हावेत.