तीस अंड्यांच्या जागी चौदा

मंडळी, नमस्कार. आज स्वयंपाकघराबद्दल बोलायचंय आणि पैशांबद्दल पण, कारण आमच्यासारख्या घरात हे दोन विषय वेगळे करताच येत नाहीत. आमचं घर कराडजवळ, माणसं चार, मी, मिस्टर, सासूबाई आणि नववीतला मुलगा, पगार एकाचाच, आणि किराण्याची यादी लिहिताना दोनदा खोडून परत लिहावी लागते अशी सगळी परिस्थिती. तरी गेली तीन वर्षं आम्ही पिंजऱ्यातल्या कोंबडीचं अंडं घरात आणलेलं नाही, आणि पोराच्या ताटातलं काही कमी पण केलं नाही. हे कसं जमवलं ते सांगते, हिशोबासकट सांगते, कारण हिशोब न सांगता नुसतं "चांगलं खा, प्राण्यांवर दया करा" म्हणण्याला आमच्यासारख्यांच्या घरात काही किंमत नाही.

सुरुवात झाली ती कोंबडखतापासून. भावाच्या टोमॅटोच्या प्लॉटला खत हवं होतं म्हणून त्याच्याबरोबर टेम्पोत बसून एका लेयर फार्मवर गेले, लेयर म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्या. शेडच्या दारातच अमोनियाचा वास असा आला की डोळ्यातून पाणी वाहायला लागलं. आत तारेचे पिंजरे एकावर एक तीन थरांत, एका पिंजऱ्यात तीन-चार कोंबड्या, खाली पाय ठेवायला पण तारच, पुढची चोच छाटलेली कारण दाटीत एकमेकींना टोचून मारतात, मान बाहेर काढून खायचं आणि अंडं घरंगळत पुढच्या पन्हळीत जाणार. मी लहानपणापासून कोंबड्या बघितलेल्या, आमच्या आजीच्या अंगणात दहा-बारा असायच्या, दुपारी उकिरड्याशेजारी धुळीत अंग घोळायच्या, अंडं घालायची वेळ झाली की कुठला तरी अंधारा कोपरा शोधत घरभर फिरायच्या, कधी कधी आजीच्या गोधडीत पण जाऊन बसायच्या. त्यातलं एकही काम ह्या पिंजऱ्यातली कोंबडी करू शकत नाही. पंख पसरायचे म्हटलं तरी जागा नाही.

नंतर मी जरा वाचून काढलं. एका कोंबडीच्या वाट्याला साडेचारशे चौरस सेंटिमीटर जागा असं गणित आपल्याकडे चालत आलंय. मुलाच्या झेरॉक्सचा ए-फोर कागद घेऊन मोजलात तर तो सव्वासहाशे भरतो, म्हणजे कागदाचा पाव हिस्सा फाडून टाकायचा आणि उरलेल्यावर एका जीवाने जवळजवळ दीड वर्ष उभं राहायचं. युरोपात असे साधे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद झालेत. आपल्याकडे केंद्राच्या विधी आयोगाने २०१७ मध्ये अंड्याच्या आणि मांसाच्या (ब्रॉयलर) कोंबड्यांच्या पाळण्यावर स्वतंत्र अहवाल दिलाय, म्हणजे हा माझ्या एकटीच्या हळव्या मनाचा विषय नाही.

एक गोष्ट मात्र इथेच बोलते. त्या फार्मचा मालक काही राक्षस नव्हता. मक्याचा भाव, सोयाबीन पेंडीचा भाव, बँकेचा हप्ता, आणि अंड्याचा रोजचा दर ठरवणारा दुसराच कोणी, असा तो पण अडकलेला माणूस. आपल्याला सगळ्यांना अंडं स्वस्तातलं स्वस्त हवं, म्हणून ते पिंजरे आहेत. म्हणून मी ठरवलं की भांडायचं कोणाशी नाही, आपली पिशवी बदलायची.

आता हिशोब. आधी आम्ही आठवड्याला एक ट्रे आणायचो, तीस अंडी, सात रुपयाला एक धरलं तर दोनशेदहा रुपये. आमच्या बाजारात गावठी अंडं पंधरा रुपयाला आहे. मी दोनशेदहा रुपये तेवढेच ठेवले आणि त्यात जेवढी येतील तेवढी घ्यायची असं ठरवलं, तर बरोबर चौदा येतात. पहिल्या आठवड्यात मुलगा म्हणाला, आई अर्धी पण नाहीत गं. खरंच होतं त्याचं. आणि फसवणूक नको म्हणून हे पण सांगते की गावठी अंडं लहान असतं. पोल्ट्रीच्या अंड्यात सहा ग्रॅम प्रोटीन धरलं तर ह्यात साडेचारच धरा. म्हणजे आधी आठवड्याला अंड्यातून १८० ग्रॅम प्रोटीन यायचं, आता ६३, तूट ११७ ग्रॅमची. ही तूट अर्धा किलो मटकी भरून काढते, शंभर ग्रॅम मटकीत २३-२४ ग्रॅम प्रोटीन असतं, आणि अर्धा किलो मटकी मला साठ रुपयाला पडते. महिन्याचे झाले दोनशेचाळीस जास्त.

ते दोनशेचाळीस आणायचे कुठून, तर चिकनमधून. आधी दर रविवारी किलोभर ब्रॉयलर, चार रविवारचे साधारण नऊशेसाठ रुपये. ब्रॉयलर म्हणजे पाच-सहा आठवड्यात दोन किलोचा होणारा पक्षी, अंगाचं वजन पायांना झेपत नाही म्हणून शेवटी शेवटी बसूनच असतो. (इंजेक्शनं देऊन फुगवतात असं जे सगळे म्हणतात ते खरं नाही, तशी जातच निवडून निवडून तयार केलीय. काळजी करायचीच तर अँटिबायोटिकची करा, कोलिस्टिन नावाचं औषध माणसाच्या दवाखान्यातलं शेवटचं हत्यार समजतात आणि ते पोल्ट्रीत सर्रास चालायचं, सरकारने २०१९ ला त्यावर बंदी घातली.) तर आता महिन्याला एकच कोंबडी, गावठी, सातशेच्या आसपास. वाचले दोनशेसाठ. उरलेल्या रविवारांपैकी एकदा सुकट, एकदा अंड्याचा रस्सा, एकदा सोयाबीन चंक्स, त्याला दीडशे लागतात. सगळं मिळवून वजा केलं तर महिन्याला एकशेतीस रुपये जास्त जातात. फुकटात झालं असं मी म्हणणार नाही. ते एकशेतीस मी क्रीमच्या बिस्किटांतून आणि फरसाणातून काढलेत, आणि त्याबद्दल घरात दोन आठवडे कुरकुर झाली, मग थांबली.

आणि मुळात माणसाला प्रोटीन किती लागतं ते पण बघायला हवं. आयसीएमआर ह्या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२०च्या आकड्यांप्रमाणे बाईला दिवसाला ४६ ग्रॅमच्या आसपास आणि पुरुषाला ५४ ग्रॅम. ते दोन वेळच्या भाकरी-डाळीतून बरंचसं येतंच. कमी पडतं ते कुठे, तर आमटी पाण्यासारखी पातळ असते तिथे. मी सगळ्यात मोठा बदल तोच केला, तूरडाळ एक मूठ वाढवली आणि आमटीत शेंगदाण्याचं कूट घालायला लागले.

चौदा अंडी पुरवायची कशी हे शिकायला मला दोन महिने लागले. चार अंडी उकडून प्रत्येकाला एक अख्खं द्यायच्याऐवजी रस्सा जरा दाट, कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण सढळ, आणि अंडी अर्धी करून रश्श्यात उलटी ठेवायची, चार अंड्यात दोन वेळ होतात. अंड्याची पोळी करायची तर दोन अंड्यांत वाटीभर बेसन, कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची, चौघांचा नाश्ता होतो आणि पोटाला पण टिकतो. भुर्जीत मेथी किंवा शेवग्याचा कोवळा पाला. आणि मधल्या दिवसांत हुलगे म्हणजे कुळीथ, आमच्या सातारा-सांगलीकडचे हुलगे, त्यांची शेंगोळी, थंडीत हुलग्याचं माडगं, हे आमच्या सासूबाई इतकं सुंदर करतात की मुलगा अंड्याचं नाव काढत नाही. हे सगळं गरिबाचं खाणं म्हणून आपण मागे टाकलं होतं. नाचणी पण तशीच, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, आठवड्यातून तीनदा भाकरी करते.

गावठी कोंबडी कुकरला सहा-सात शिट्ट्या मागते, ब्रॉयलरसारखी दोन शिट्टीत होत नाही, पण तिचं अळणी पाणीच इतकं चवदार असतं. पहिल्या दिवशी अळणी सासूबाईंना आणि मुलाला, मग सुकं, आणि उरलेला तांबडा रस्सा दुसऱ्या दिवशी भाताबरोबर. महिन्यातून एकदाच होते म्हणून त्या दिवशी घरात सण असल्यासारखं वाटतं, आधी दर रविवारी चिकन असूनही असं कधी वाटायचं नाही.

आता ओळखायचं कसं, कारण गावठी म्हणून काहीही खपवतात. तपकिरी अंडं म्हणजे गावठी, हे डोक्यातून काढून टाका. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर जातो, पिंजऱ्यातली कोंबडी पण तपकिरी अंडं घालते. बलक गर्द केशरी असला तरी तो खाद्यावर असतो, मका किंवा झेंडूच्या पाकळ्या घातल्या तरी येतो. पाकिटावरचं हिरव्या कुरणाचं चित्र पण सोडा. युरोपात प्रत्येक अंड्यावर आकडा छापतात, शून्य म्हणजे ऑरगॅनिक, एक म्हणजे बाहेर फिरणारी, दोन म्हणजे शेडमध्ये मोकळी, तीन म्हणजे पिंजरा (साधा नाही, तिथे अजून चालणारा सुधारित), आमच्या बाजारातल्या अंड्यांवर असलं काही नसतं. म्हणून मी विचारते. मावशी, कोंबड्या किती आहेत, कुठे झोपतात, खुडूक (अंडी देणं थांबवून उबवायला बसलेल्या) किती आहेत. ज्या बाईकडे पंधरा कोंबड्या आहेत तिच्याकडे रोज शंभर अंडी असणारच नाहीत, आणि असतील ती लहान-मोठी, वेगवेगळ्या रंगाची असतील, एखाद्यावर शेण-माती लागलेली असेल. जिच्याकडे रोज ट्रेच्या ट्रे एकसारखे, तिथे पुढे चालायचं. शक्य असेल तर एकदा घरी जाऊन बघा. मी गेले होते, खुराडं बघितलं, आता त्या मावशींशी माझं नातंच झालंय.

आणि पंधरा रुपये ही लूट वाटत असेल तर हे ऐका. पिंजऱ्यातली लेयर वर्षाला तीनशेवर अंडी देते, आपली गावठी साठ-ऐंशी. मध्येच खुडूक बसते, पिल्लं काढते, मुंगूस नेतं, घार नेते, मानमोडी (राणीखेत रोग) आली तर एका आठवड्यात खुराडं रिकामं. तुमच्याकडे अगदी गावठी मिळत नसेल तर गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया ह्या सुधारित जाती मोकळ्या पाळणारे लोक बघा, त्यांची अंडी जास्त असतात म्हणून भाव मधला असतो. ज्यांच्याकडे परसू आहे त्यांनी तर चार कोंबड्या पाळाव्याच, शिळी भाकरी आणि भाजीच्या देठांवर त्या राहतात, फक्त मानमोडीची लस चुकवू नका.

गावठी म्हणजे कोंबडीचे हाल होतच नाहीत असं पण नाही. बाजारात पाय बांधून, उलट्या लटकवून, उन्हात टाकलेल्या कोंबड्या तुम्ही पण बघितल्या असतील. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यात जनावराला त्रास होईल असं वाहून नेणं गुन्हाच आहे, पण मी कायदा सांगत बसत नाही, मी डालगं घेऊन जाते. मागच्या वर्षी विकणाऱ्या दादांना म्हटलं, उलटी देऊ नका हो, ह्यात ठेवा, तर त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं आणि मग कोंबडीच्या पायाची सुतळी स्वतःच सोडली. आता ते माझ्यासाठी सावलीत ठेवतात.

दुधाचं मला एवढं साधलेलं नाही. गल्लीतल्या एका घरी दोन म्हशी आहेत, तिथे रेडकू पण नीट पाजलेलं आणि धष्टपुष्ट दिसतं म्हणून दूध तिथूनच घेते, लिटरला चार रुपये जास्त देऊन, आणि पनीर बंद केलंय. बस एवढंच.

शहरात राहणाऱ्या मैत्रिणी म्हणतात तुला सोपं आहे, तुझ्याकडे बाजार आहे. खरंय, त्यांना अवघड आहे. पण त्यातल्या एकीने सोसायटीतल्या पाच घरांची अंडी एकत्र मागवायला सुरुवात केलीय, मुळशीकडून एक शेतकरी शनिवारी आणून देतो, पाच घरांची मिळून सत्तर अंडी होतात म्हणून त्याला येणं परवडतं.

आमच्या मावशींच्या दोन कोंबड्या सध्या खुडूक आहेत, त्यामुळे ह्या आठवड्यात आठच अंडी मिळाली. उरलेल्या पैशांत मी मटकी आणि चवळी घेतली, मटकी रात्रीच भिजत घातलीय, उद्यापर्यंत मोड येतील.