दाट की पातळ?

(दृश्य : पहाट. मांडवी. बेतीहून निघालेली फेरीबोट पणजीच्या धक्क्याकडे)

मांडवीवर आता तीन पूल आहेत. त्यातल्या अटल सेतूवर दुचाकीला मज्जाव आहे, पण उरलेले दोन मोकळे असतानाही बेतीची बरीच मंडळी सकाळी गाडी फेरीतच चढवतात. नदीत सगळी इंजिनं बंद. आता ऐका.

(नैसर्गिक आवाज : फळी टेकते, गाड्या एकदम सुरू होतात)

यातली निम्मी इंजिनं अजून कोमटही नाहीत. घरापासून धक्का, धक्क्यापासून फेरी, एवढंच ती चालली आहेत. आजची गोष्ट अशा इंजिनांतल्या ऑइलची.

पिवळं मडगार्ड असलेली ही गाडी ओळखून ठेवा, ती पुन्हा दिसेल. बाहेरच्या माणसाला पायलट म्हटलं की विमान आठवतं. गोव्यात पायलट म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाला. हे काका पणजीच्या बसस्टँडवर उभे राहतात. कुणाला आल्तिनोच्या चढावर कचेरीत सोड, कुणाला मार्केटात, कुणाला मिरामारला. दोन-तीन किलोमीटरची धाव, मग स्टँडवर गाडी बंद, मग पुन्हा धाव. लांब पल्ल्याची गाडी जास्त झिजते असं आपण समजतो. खरा छळ या तुकड्या-तुकड्यांच्या धावेत होतो.

(दृश्य : ऑइलचं झाकण, अगदी जवळून)

झाकणाच्या आत चिकटलेला हा पांढुरका फेस पहा. पेट्रोल जळलं की वाफ होते. इंजिन नीट तापलं तर ती उडून जाते. नाही तापलं तर थंड धातूवर पाणी धरतं आणि ऑइलमध्ये उतरतं. त्यात मिरगापासूनची दमट हवा. न जळलेलं थोडं पेट्रोलही त्याच वाटेने खाली येतं. म्हणून काका ऑइल बदलण्याचा हिशेब किलोमीटरने करत नाहीत. चवथीच्या आधी एकदा, एवढं तर ठरलेलंच, आणि एरवी हात सांगेल तेव्हा.

हात सांगेल तेव्हा, इथेच आमची गोष्ट अडते.

(दृश्य : पर्वरीचं गॅरेज. मेकॅनिक ड्रेन नट सैल करतो)

इंजिन चार-पाच मिनिटं फिरवून मगच नट काढला, कारण गरम ऑइल गाळासकट उतरतं. खाली कालचं मराठी वर्तमानपत्र, त्यावर कापलेला कॅन. ही धार आम्ही दोन मिनिटं चित्रित केली. एवढ्या जवळून ती पाहायला क्वचित मिळते. आधी जाड, मग सुतळीसारखी, मग थेंब.

"काळं झालं म्हणजे संपलं," काका म्हणाले. मेकॅनिकने मान हलवली. ऑइलमध्ये मळ धरून ठेवणारी रसायनं असतात. ती काजळी धातूवर बसू देत नाहीत, आपल्यात घेतात. काळं ऑइल म्हणजे बऱ्याचदा काम करणारं ऑइल. उलट दुधाळ चहासारखं दिसलं तर घाबरायचं, कारण तिथे पाणी शिरलेलं आहे.

(दृश्य : दोन बोटांत ऑइल चोळणारे हात)

मग ही बोटं. प्रत्येक गॅरेजमध्ये हे दिसतं: थेंब घ्यायचा, अंगठ्यावर चोळायचा, निकाल द्यायचा. निकाल बहुधा एकच. "पातळ नाका मरे, दाट घाल." गोवा उष्ण, इंजिन उष्ण, तेव्हा ऑइल दाट. ऐकायला पटतं.

पण बोटाचं तापमान किती, आणि इंजिनात ऑइल किती तापतं? बाटलीवर २०डब्ल्यू-५० असं काही लिहिलेलं असतं. त्यातला दुसरा आकडा, ३०, ४० किंवा ५०, हा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहतं त्यावरून ठरतो. पणजीतलं ऊन ३३ अंशांचं असो की ३५ अंशांचं, त्याचा हिशेब गाडी बनवणाऱ्याने आधीच केलेला असतो. पहिला आकडा थंडीतला. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. २०डब्ल्यूची चाचणी उणे १५ अंशांना होते, १०डब्ल्यूची उणे २५ला. गोव्यात पारा विसावर आला की कानटोप्या निघतात, मग आपल्याला काय त्याचं? आहे थोडं. फेरीवरच्या त्या कोमट इंजिनात २०डब्ल्यू-५० हे १०डब्ल्यू-३०च्या जवळपास दुप्पट दाट असतं. वर व्हॉल्व्ह हलवणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत चढायला त्याला वेळ लागतो आणि ते ढवळण्यात पेट्रोल जातं.

याचा अर्थ पातळ तेच चांगलं, असा मुळीच नाही. आजच्या साडेतीनशे सीसीच्या बुलेटला कंपनीच १५डब्ल्यू-५० सांगते. काकांची शंभर सीसीची. तिच्या पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० छापलंय. पुस्तिका डिकीत होती, प्लास्टिकच्या पिशवीत, एकदाही न उघडलेली.

(दृश्य : फळीवरच्या बाटल्या. कॅमेरा समोरून मागच्या बाजूला)

समोरच्या बाजूला धावणारी गाडी, आगीच्या ज्वाळा, सोनेरी अक्षरं. बाटली उलटी करा. मागे बारीक अक्षरांत एपीआय या अमेरिकी संस्थेने ठरवलेला वर्ग असतो, एसएल, एसएम, एसएन. अक्षर पुढचं तसा वर्ग नवा. त्याच्या शेजारी जासो या जपानी मानक संस्थेची छोटी चौकट. दुचाकीवाल्याने खरं तर हीच पाहायची.

कारमध्ये इंजिनाचं ऑइल इंजिनात आणि गिअरचं वेगळं. मोटारसायकलमध्ये एकाच टाकीतलं ऑइल पिस्टन सांभाळतं, गिअर सांभाळतं आणि क्लचलाही न्हाऊ घालतं. (जुन्या, बीडाच्या म्हणजे ओतीव लोखंडी इंजिनाच्या बुलेटमध्ये इंजिन, गिअरबॉक्स, क्लच तिघांची ऑइलं वेगळी असत. तो थाट वेगळाच होता.) क्लचचं काम घर्षणावर चालतं. कारच्या अनेक ऑइलांत घर्षण कमी करणारी रसायनं असतात, ॲव्हरेज वाढावं म्हणून. तेच ऑइल इथे ओतलं की क्लचच्या प्लेटा एकमेकींना धरेनाशा होतात. म्हणून १९९८मध्ये जपानच्या जासोने दुचाकींसाठी वेगळं मानक केलं. एमए म्हणजे ओल्या क्लचला चालणारं. एमए१ आणि एमए२ हे त्यातलेच पोटवर्ग. एमबी म्हणजे कमी घर्षणाचं, बिनगिअरच्या स्कूटरसाठी. स्कूटरचा क्लच कोरडा, इंजिनच्या ऑइलपासून दूर.

(दृश्य : पत्र्यावर मांडलेल्या क्लच प्लेटा)

काकांच्या गाडीच्या या जुन्या प्लेटा. खडबडीत असायला हव्यात, काचेसारख्या चकचकतायत. गेल्या वर्षी एका ओळखीच्याने कारमधून उरलेलं महागडं ऑइल दिलं होतं. चढावर इंजिन ओरडायचं, गाडी पुढे जायची नाही. चार दिवस गाडी स्टँडवर नव्हती.

(दृश्य : काका प्लेट हातात घेऊन पाहतात. निवेदन नाही.)

फळीवर मिनरल आहे, सेमी-सिंथेटिक आहे, फुल सिंथेटिक आहे. दुकानदार शेवटच्याकडे बोट दाखवतो. सिंथेटिक जास्त उष्णता सोसतं, टिकतंही जास्त, यात खोटं काही नाही. पण चोर्ला घाटात वेगात जाणारी मोठी गाडी निराळी आणि आल्तिनो चढणारी शंभर सीसी निराळी. पेट्रोल आणि पाणी दोन्ही ऑइलांत सारखंच उतरतं. माझ्या मते पायलटने साधं एमए ऑइल घ्यावं आणि वेळेआधी बदलावं.

वेळेआधी का, त्याचं आणखी एक कारण गिअरमध्ये आहे. थंडीत पातळ आणि गरमीत पुरेसं दाट राहावं म्हणून ऑइलमध्ये लांबच लांब रेणूंचे धागे मिसळतात. गिअरचे दात ते धागे कातरत राहतात. बाटलीवर ४० लिहिलेलं ऑइल चालून चालून ३०कडे सरकू शकतं. वर्षभर स्टँडवरून छोट्या धावा करणारी गाडीही सारखी गिअर बदलतच असते.

(दृश्य : नवा वॉशर, नट घट्ट. सोनेरी ऑइल नरसाळ्यातून आत जातं)

९०० मिलीची बाटली आहे, कारण या इंजिनाला तेवढंच लागतं. लिटरची आणून "राहू दे थोडं जास्त" म्हणायचं नाही; जास्त ऑइल फेसाळतं आणि एअर फिल्टरमध्ये चढतं. गाडी मेन स्टँडवर सरळ, ऑइल मोजायची काडी पुसून आत, पेच न फिरवता. दोन खुणांच्या मध्ये.

जुनं काळं ऑइल कायद्याने घातक कचरा आहे, ते नोंदणीकृत माणसालाच द्यायचं असतं. इथून ते कॅनमध्ये भरून मागे ठेवलं जातं.

(दृश्य : काका किक मारतात. इंजिनाचा आवाज)

काका आवाज ऐकतात. मेकॅनिक डिकीतली पुस्तिका पिशवीतून काढून त्यांच्या हातात देतो.

"काका, वाचा एकदा. मराठीतही आहे."

"चष्मा घरी," काका म्हणतात आणि पुस्तिका शर्टाच्या खिशात घालतात.

(दृश्य : गॅरेजच्या दारात काळ्या नंबरप्लेटची भाड्याची स्कूटर)

पुढचं गिऱ्हाईक. भाड्याच्या गाड्या चालवणारा मुलगा, घाईत. त्याने सगळं पाहिलंय. काकांच्या रिकाम्या बाटलीकडे बोट दाखवून म्हणतो, "मलाही तेच द्या."

मेकॅनिक स्कूटरकडे बघतो. मग खालच्या फळीवरची, एमबी लिहिलेली बाटली काढतो.