कसब्याच्या आळ्यांनी वसवलेलं पुणे

पुणे दाखवायचं म्हटलं की कॅमेरा आधी शनिवारवाड्याकडे वळतो. पण त्या वाड्याचा पाया घातला १० जानेवारी १७३० ला, आणि शेजारची ही कसबा पेठ तेव्हाच कित्येक शतकं जुनी होती. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचे ७५८ आणि ७६८ चे ताम्रपट आहेत, त्यात पुण्य विषय, पूनक विषय असे पुण्याचे उल्लेख सापडतात, विषय म्हणजे तेव्हाचा प्रांत.

आता जागा बघा. एका अंगाला मुठा, पूर्वेला नागझरीचा ओढा, पाणी जवळ आणि गाळाची माती हाताशी, मग कुंभार इथे नाही बसणार तर कुठे? कासारली, कुंभारली आणि पुनवडी अशा वस्त्या एक होऊन गाव झालं असं जुनी माणसं सांगत आलीत, आणि कुंभारवेस हे नाव तर आजही रिक्षावाल्याला सांगितलं की तो बरोबर नेऊन सोडतो.

मग १६३० च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने गाव जाळलं, गाढवाचा नांगर फिरवला, म्हणजे इथे पुन्हा कोणी राहायचं नाही. तरी काही वर्षांतच जिजाऊ बाळ शिवबाला घेऊन आल्या, कसबा गणपतीचं देऊळ उभं राहिलं, लाल महाल झाला आणि सोन्याच्या फाळाने जमीन नांगरली असं सांगतात. मला यात सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती परत आलेल्या माणसांची, कारण उद्ध्वस्त केलेल्या जागेवर पुन्हा चूल मांडायला फार जिगर लागते हो.

पेशव्यांच्या काळात तर कामच काम. तांबट आळीत कोकणातून आलेले त्वष्टा कासार, म्हणजे तांब्याची भांडी घडवणारे, बसले, कागदीपुऱ्यात कागद बनायचा, बुरूड आळीत बांबूचं काम. तांबट आळीत अजूनही सकाळी गेलात तर ठोक्यांचा आवाज आधी येतो, दुकान नंतर दिसतं. तांब्याचं भांडं लोखंडी दांड्यावर चढवायचं आणि हातोडीचा एकेक ठोका आधीच्या ठोक्याला अगदी चिकटून मारत जायचं, याला मठारकाम म्हणतात, त्याने पत्रा कडक होतो आणि भांड्याला ती चमक येते. एक ठोका वाकडा पडला की लगेच दिसतो.

नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून नळाने पाणी आणलं, ठिकठिकाणी हौद झाले, आणि लोकांना नदीपासून लांब राहणं जमायला लागलं, तशा पेठा दक्षिणेकडे वाढत गेल्या. कसबा मात्र नदीकाठीच राहिला, म्हणून १२ जुलै १९६१ ला पानशेत आणि खडकवासला ही धरणं फुटली तेव्हा काठच्या पेठांतले मातीविटांचे वाडे धडाधड बसले. बरेच कुंभार आता मुंढव्याच्या केशवनगरात असतात, माती आणि भट्टीला तिकडे जागा आहे. तांबट मात्र आळी सोडून गेलेले नाहीत, पाणी तापवायचे बंब कमी खपतात म्हणून आता दिवे, ट्रे, जग बनवतात, आणि तेही मठारूनच.