घरपट्टीची सूट नक्की कोण भरतं?

मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. आपल्या महापालिकांकडे स्वतःचा म्हणावा असा मोठा कर आज एकच उरलाय, घरपट्टी, म्हणजे पुण्यात आपण ज्याला मिळकतकर म्हणतो तो. आणि त्याच्या सवलतीचे मोठे निर्णय मात्र महापालिकेत होत नाहीत, ते मंत्रालयात होतात, आणि बऱ्याच वेळा कुठलीतरी निवडणूक जवळ आलेली असते. खड्डे बुजवायचे महापालिकेने, ड्रेनेज महापालिकेने, आणि पैसे माफ करायचे दुसऱ्याने. माझं आजचं सगळं म्हणणं याच्याभोवती आहे.

आधी थोडं मागे जाऊ. जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, आठवत असेल सगळ्यांना, शहराच्या वेशीवरचे नाके, ट्रकच्या रांगा, भ्रष्टाचार तर विचारूच नका. जकात गेली याचं दुःख करायचं कारण नाही. पण तिच्यात एक गोष्ट होती, पैसा रोज यायचा आणि तो थेट पालिकेच्या तिजोरीत यायचा, त्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नव्हता. १ एप्रिल २०१३ ला पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर या शहरांत जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली, मोर्चे काढले, आणि २०१४ च्या विधानसभेला एलबीटी हटवणं हे आश्वासन झालं. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आत उलाढाल असलेल्यांना तो माफ झाला, म्हणजे जवळजवळ सगळ्यांनाच. मुंबईची जकात तेवढी चालू होती, ती १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर संपली.

बदल्यात काय मिळालं, तर राज्य सरकारकडून दर महिन्याला नुकसानभरपाई, दरवर्षी ८ टक्के वाढ धरून. मुंबईला पहिला चेक मिळाला ६४७ कोटींचा, तो द्यायला अर्थमंत्री स्वतः पालिकेत आले होते आणि तिथे शिवसेना आणि भाजप दोन्ही पक्षांच्या नगरसेवकांची घोषणाबाजी झाली, टीव्हीवर पाहिलं असेल. लोकांना त्या घोषणा लक्षात राहिल्या, मला तो चेक लक्षात राहिला, कारण त्या दिवशी देशातली सगळ्यात श्रीमंत महापालिकासुद्धा आपल्या उत्पन्नाच्या मोठ्या हिश्शासाठी राज्याच्या चेकवर अवलंबून झाली, मग अकोला, परभणी, मालेगावचं काय बोलायचं.

तर आता उरली घरपट्टी. आणि तिचं काय केलं आपण?

पुण्याचंच उदाहरण घेतो कारण ते आपल्या सगळ्यांच्या घरात घडलंय. १९७० मध्ये महापालिकेने ठराव केला की जो मालक स्वतः आपल्या घरात राहतो त्याला करयोग्य मूल्यात, म्हणजे ज्या रकमेवर कर लागतो तिच्यात, ४० टक्के सवलत. त्याशिवाय देखभालीपोटी १५ टक्के वजावट, कायद्यात ती १० टक्केच आहे. हे असंच चालत राहिलं, ऑडिटमध्ये आक्षेप निघाले, शेवटी २०१९ मध्ये राज्य सरकारने तो ठरावच रद्द केला. मग १ एप्रिल २०१९ नंतर नोंदणी झालेल्या घरांना सवलत नाही, जुन्यांपैकी ज्यांच्याकडे सर्व्हेवाल्यांना भाडेकरू दिसला त्यांची सवलत काढली, आणि लोकांना एकदम मागच्या काही वर्षांच्या फरकाचे मेसेज आले. एकाच सोसायटीत, एकाच मजल्यावर, एकाच मापाचे दोन फ्लॅट आणि बिलं वेगवेगळी. ज्या माणसाने आयुष्यभर वेळेवर टॅक्स भरला त्याला थकबाकीदार म्हटलं गेलं, त्याचा संताप मी समजू शकतो, तो खरा होता.

मग २०२३ च्या मार्चमध्ये पुण्यातल्या कसब्याच्या विधानसभा पोटनिवडणुकीचा निकाल लागला, भाजपचा इतक्या वर्षांचा बालेकिल्ला गेला, काँग्रेसकडून रवींद्र धंगेकर निवडून आले, प्रचारात हा ४० टक्क्यांचा विषय होताच. त्याच महिन्यात विधिमंडळात सवलत परत द्यायची घोषणा झाली आणि एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. अंमल २०१९ पासून. ज्यांनी जास्त भरले त्यांचे पुढच्या चार वर्षांच्या बिलांत वळते करून द्यायचे, आणि सवलत हवी असेल तर पीटी-३ फॉर्म, म्हणजे घरात स्वतः राहतो असं सांगणारा अर्ज, भरा, तो भरायला क्षेत्रीय कार्यालयात लोकांच्या रांगा. आता मला सांगा, या पूर्ण गोष्टीत पुणे महापालिकेने स्वतः काय ठरवलं? १९७० चा ठराव तिचा, पुढचं सगळं वरून. सवलत काढली वरून, दिली वरून, आणि जो खड्डा पडला तो भरायचा खालून. मी सवलतीच्या विरोधात नाही, स्वतः राहणाऱ्याला कमी कर असावा असं मलाही वाटतं, पण ज्याने सवलत द्यायचं ठरवलं त्याने बजेटमध्ये तेवढी रक्कमही दाखवावी, नाहीतर ती कुठल्यातरी पुलाच्या कामातून नाहीतर शाळेच्या दुरुस्तीतून निघते आणि तसं निघाल्याचं कोणाला कळत पण नाही.

नाशिकमध्ये उलटी गोष्ट झाली. २०१८ मध्ये आयुक्त तुकाराम मुंढे यांनी घरपट्टी ज्याच्यावर ठरते ते वार्षिक भाडेमूल्याचे दर वाढवले, मोकळ्या जागांवर पण कर आला, शहरात आंदोलन पेटलं, शेतकरी रस्त्यावर आले. सत्तेत भाजप, आणि भाजपच्याच नगरसेवकांनी आयुक्तांवर अविश्वास ठराव आणला. मुख्यमंत्र्यांनी लक्ष घातल्यावर तो बारगळला, करवाढ कमी झाली, आणि नोव्हेंबरमध्ये मुंढेंची बदली. त्यांची वाढ एकदम मोठी होती, लोकांना विश्वासात घेतलं नाही हे खरंच आहे. पण वर्षानुवर्षं दराला हात लावायचा नाही आणि मग एका वर्षात सगळी कसर काढायची, याला कुठलंही शहर असंच उत्तर देणार. दरवर्षी थोडं थोडं वाढवलं असतं तर एवढा भडका उडाला नसता असं मला वाटतं.

मुंबईचं थोडक्यात सांगतो. तिथे २०१० पासून कर भांडवली मूल्यावर आहे, म्हणजे रेडी रेकनरशी, सरकारने ठरवलेल्या जागेच्या दरांशी, जोडलेला, दर पाच वर्षांनी फेररचना करायची असते. २०२० ची करोनामुळे लांबली, नंतरही पुढे ढकलत राहिले. मध्येच नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने भांडवली मूल्याच्या नियमांतले काही नियम रद्द ठरवले. आणि दुसरीकडे २०२२ च्या जानेवारीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना पूर्ण करमाफी, २०१७ च्या पालिका निवडणुकीतलं शिवसेनेचं वचन होतं ते. साधारण १६ लाख घरं आणि वर्षाला ४६२ कोटींचा फटका. चाळीतल्या, एसआरएमधल्या (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीतल्या) माणसाला माफी मिळावी, शंभर टक्के मिळावी. पण कर किमतीवर आणि माफी क्षेत्रफळावर, यात काय होतं बघा, दादरला दीड-दोन कोटींचा ४९० फुटांचा फ्लॅट माफ आणि मानखुर्दला ५२० फुटांत सहा माणसं राहतात ते भरणार. माफी किमतीवर ठेवली असती तर गरिबाला नेमकी पोचली असती.

आणि समाविष्ट गावांचं विसरून चालणार नाही. २०१७ मध्ये ११ गावं पुण्यात आली, त्यात उरुळी देवाची आणि फुरसुंगी. शहराचा कचरा कित्येक वर्षं यांनी सोसला. ग्रामपंचायतीची घरपट्टी कमी होती, पालिकेची पहिल्या वर्षी २० टक्के मग ४० असं करत पाचव्या वर्षी पूर्ण लागते, आणि पाणी टँकरचंच. लोक म्हणाले टॅक्स शहराचा घेता तर सोयी पण शहराच्या द्या, यात काय चुकलं त्यांचं? सरकारने मार्ग काय काढला, तर २०२४ मध्ये या दोन गावांची वेगळी नगरपरिषद. आता ती नगरपरिषद पाण्याची लाइन कुठल्या पैशातून टाकणार?

अजून एक गोष्ट मला फार लागते ती अभय योजना. घरपट्टी थकली की महिन्याला २ टक्के दंड, तो साचत जातो, आणि मग मार्च जवळ आला की दंडात सूट देऊन वसुली दाखवायची. एकदा ठीक आहे. पण परत परत केलं की मोठा थकबाकीदार थांबायला शिकतो, आणि पेन्शनमधून मे महिन्यात बिल भरणाऱ्या आजोबांना ५-१० टक्क्यांची सवलत मिळते एवढंच. दारात बँड वाजवून वसुली केल्याच्या बातम्या येतात, पण ज्यांची बाकी कोटींत आहे आणि प्रकरण कोर्टात अडकलंय त्यांच्या दारात बँड जात नाही.

शेवटचं, आणि हे तुमच्या हातातलं आहे म्हणून सांगतो. घरी गेल्यावर बिल काढून बघा, त्यात सर्वसाधारण कर, सफाई, अग्निशमन, वृक्ष असं बरंच काही दिसेल, पण राज्याचा शिक्षण कर, आणि दुकान-ऑफिसच्या बिलात रोजगार हमी कर, ही राज्य सरकारची रक्कम आहे, पालिका फक्त गोळा करून देते. शिव्या सगळ्या बिलाच्या तिला बसतात. दुसरं म्हणजे महापालिका अधिनियमाप्रमाणे पुढच्या वर्षीच्या कराचे दर २० फेब्रुवारीच्या आत सभागृहाने ठरवायचे असतात. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं आपल्याकडे नगरसेवकच नव्हते, प्रशासकच प्रस्ताव मांडायचे आणि तेच मंजूर करायचे. जानेवारी २०२६ मध्ये निवडणुका झाल्या, आता सभागृह आहे. तर आपल्या प्रभागातल्या चौघांनाही फेब्रुवारीच्या आधी भेटा आणि लेखी विचारा, गेल्या वर्षी मागणी किती होती, वसुली किती झाली, सवलतींपोटी किती रक्कम सोडली आणि त्यातली राज्याने किती भरून दिली. आकडे नसतील तर कर विभागाकडून मागवून द्या म्हणा. प्रश्नांना अर्धा तास ठेवलाय, पीटी-३ च्या वैयक्तिक तक्रारी असतील तर त्या नंतर खाली बसून बघू, आधी बजेटवरचे प्रश्न घेऊ.