डिकीतला आडपडदा

नमस्कार मंडळी. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘स्पोर्ट्स कार : एक छंद’ असं छापलंय. काल इंदुरातल्या आमच्या लोकमान्यनगरच्या एका काकूंनी मला अडवून विचारलं, “काय रे, हा छंद आहे की उधळपट्टी?” मी सनदी लेखापाल आहे. दोन्हींची खाती वेगवेगळी ठेवायची मला सवय आहे, तेव्हा आज दोन्ही वह्या तुमच्यासमोर उघडतो.

माझ्याकडे २०१० सालची बीएमडब्ल्यू झेड४ आहे. दोनच माणसांची. छप्पर धातूचं, पण बटण दाबलं की वीसेक सेकंदांत घडी होऊन डिकीत जातं. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, ताकद ३०६ अश्वशक्ती. हिचं बाहेरचं रूप आणि आतली रचना दोन्ही स्त्रियांनी केलेली, युलियाने ब्लासी आणि नादिया अर्नाऊट. हे मी घरी पहिल्याच दिवशी सांगितलं, कारण बायकोकडून मंजुरी मिळायची होती. तिचं उत्तर होतं, “म्हणूनच तुझ्या भावाला आणि वहिनीला बसायला जागा ठेवलेली नाही.”

लोकांना वाटतं, अशी गाडी म्हणजे कोटीची गोष्ट. नवी घेतलीत तर तसंच आहे. पण आमच्या स्पोर्ट्स कारवाल्यांच्या क्लबातल्या निम्म्या गाड्या दिल्लीहून आलेल्या आहेत, आणि त्यामागे गणित आहे. दिल्ली आणि आसपासच्या भागात पेट्रोल गाडीला १५ वर्षांची आणि डिझेल गाडीला १० वर्षांची मर्यादा घातली गेली. हरित लवादाचा तो आदेश सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये कायम ठेवला. मग तिथल्या श्रीमंत माणसाची अकरा वर्षांची गाडी, फार न फिरलेली, एकदम चार वर्षं आयुष्य उरलेली होते. तिथं ती म्हातारी, इथं मध्य प्रदेशात मात्र लग्नाची. मी २०२१ मध्ये ती आणली, तेव्हा एका बऱ्यापैकी नव्या एसयूव्हीपेक्षा कमी पैसे मोजले.

आता दुसरी वही. दिल्लीच्या आरटीओकडून ना-हरकत आणा, इथला कर भरा, नवा नंबर घ्या. गाडी १५ वर्षांची झाली की पुन्हा तपासणी, पुन्हा नोंदणी. एप्रिल २०२२ पासून साध्या गाडीला या नूतनीकरणाचे ५,००० रुपये पडतात, आयात गाडीला ४०,०००. आणि गाडी वीस वर्षांपलीकडे गेली, तर २०२५ च्या नियमानं हेच ८०,००० होतात. मी पहिला हप्ता भरलाय, दुसऱ्याची तजवीज चालू आहे. जे तरुण मित्र मला ‘काका, स्वस्तात कुठं मिळेल’ विचारतात, त्यांना मी आधी हा आकडा सांगतो. निम्मे तिथंच गळतात, आणि ते बरंच आहे.

पण क्लबात मी कसा गेलो, ते खरं सांगायचंय. गाडी आणली आणि सहाव्या दिवशी छप्पर उघडेना. बटण दाबलं की नुसती टुणटुण. एका गॅरेजमध्ये नेली. चार दिवस ठेवून घेतली आणि सांगितलं, हायड्रॉलिकची मोटर गेली, परदेशातून मागवावी लागेल, सव्वादोन लाख आणि तीन महिने. मी सहा आठवडे बंद छपराची झेड४ चालवली. म्हणजे घोडा घेऊन त्याला टांग्याला जुंपण्यासारखंच ते.

तेव्हा कुणीतरी इंदूरजवळच्या महूच्या एका निवृत्त फौजी अधिकाऱ्यांचा नंबर दिला. आम्ही सगळे त्यांना कर्नलसाहेब म्हणतो. ते म्हणाले, रविवारी पहाटे गाडी घेऊन या, चहा घेऊन येऊ नका, चहा आमच्याकडे आहे. गेलो. त्यांनी बॉनेटला हात लावला नाही. सरळ डिकी उघडली. या गाडीच्या डिकीत एक आडपडदा असतो, सामान आणि छपराची घडी यांच्यामध्ये. तो नीट लागलेला असेल तरच छप्पर हलतं, नाहीतर तुमच्या बॅगांचा चुरा होईल. पडदा लागलेला दिसत होता. कर्नलसाहेबांनी डाव्या बाजूला अंगठा दाबला, ‘टक्’ असा आवाज आला, आणि मला म्हणाले, बटण दाबा.

छप्पर उघडलं. वर महूचं पहाटेचं आभाळ.

कडीत दिल्लीची धूळ आणि एक पिस्त्याचं टरफल अडकलं होतं. ते टरफल मी अजून ठेवलंय. सव्वादोन लाखांची पावती समजा.

गॅरेजवाल्याला मी लबाड म्हणणार नाही. त्यानं अशी गाडी आयुष्यात बहुधा दोनदा पाहिली असेल. आमच्या शहरात या गाड्यांचं हेच दुखणं आहे. मारुतीचं काही बिघडलं तर चौकातला पोरगाही सांगेल. पण पोर्शच्या बॉक्स्टरचं इंजिन कुठं आहे, हेच अर्ध्या लोकांना ठाऊक नसतं. ते सीटच्या मागे, मधोमध दडलेलं. पुढचं झाकण उघडाल तर बॅग ठेवायची जागा, मागचं उघडाल तरी बॅग ठेवायची जागा! म्हणून एकेका गाडीचं ज्ञान एकेका माणसाकडे साठत जातं. आमच्याकडे एक डॉक्टर आहेत, त्यांना जुन्या ऑडी टीटीच्या दारांच्या काचा कळतात. फक्त काचा. पण त्या बाबतीत इंदुरात त्यांच्यापुढे कोणी नाही.

क्लब म्हणजे एवढंच. सतरा गाड्या, त्यातल्या अकरा कोणत्याही रविवारी चालू स्थितीत. अध्यक्ष नाही, बॅनर नाही, हारतुरे नाहीत. इंदुरातल्या मराठी माणसांनी अध्यक्षाशिवाय चालवलेली ही एकमेव गोष्ट असावी.

नवा माणूस आला की आधी त्याच्या टायरची कुंडली बघतात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१३ म्हणजे २०१३ चा तेविसावा आठवडा. माझे टायर नवेकोरे दिसत होते, नक्षी पूर्ण. आकडा निघाला २०१३ चा. कर्नलसाहेब म्हणाले, “गाडी चालली नाही म्हणून टायर तरुण राहत नाही, रबर वाळतं.” मी दुर्लक्ष केलं, चार टायरचा भाव ऐकून. पुढच्याच महिन्यात मानपूरच्या अलीकडे मागचा टायर बसला. माझ्या गाडीत स्टेपनी नाहीच. तिचे टायर रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर चालायचे. पण ते ताज्या टायरचं. माझा बाजूनं चिरला. दोन तास रस्त्याकडेला बसलो, आणि सोबत क्लबातल्या सहा गाड्या थांबल्या. एकानंही ‘सांगितलं होतं’ म्हटलं नाही. मात्र पुढची तीन वर्षं दर रविवारी कोणीतरी माझे टायर वाकून वाचतं.

होळकरांचं नाव घेतल्याशिवाय इंदुरात गाड्यांवर बोलता येत नाही, तेव्हा ते उरकतो. यशवंतराव महाराजांनी १९३० च्या दशकात अमेरिकेची ड्युसेनबर्ग घेतली, सुपरचार्जर लावलेली, आठ सिलिंडरची, कंपनीच्या दाव्यानं ३२० अश्वशक्तीची. सांगाडा तिकडचा, वरची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगनं बांधली, रंग नारिंगी आणि काळा. लक्षात घ्या, नव्वद वर्षांपूर्वीची ती गाडी आकड्यानं माझ्या गाडीपेक्षा जोरदार. गाडी कधीच देशाबाहेर गेली. मला त्यात वेगळंच कुतूहल आहे : तिचं काही बिघडलं तर महाराजांच्या माणिकबाग महालात कोण निस्तरत असेल? त्या मेकॅनिकचा फोटो कुठं सापडत नाही.

दुसरा नेहमीचा प्रश्न पीथमपूरचा. तिथं नॅट्रॅक्सचा वेगाचा ट्रॅक आहे, ११.३ किलोमीटरचा, चार पदरी, २९ जून २०२१ ला त्याचं उद्घाटन झालं. “तुम्ही तिथं पळवता का?” नाही हो. ती गाड्यांच्या चाचण्यांची जागा आहे, थर्मास घेऊन रविवारी जायची नव्हे. आमचा मुकाबला असतो तो गतिरोधकांशी. इंडियन रोड काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, ताशी २५ नं आरामात ओलांडता येईल असा. आमच्या कॉलन्यांत उंची तेवढीच, रुंदी मात्र पोळपाटाएवढी. तिथं गाडी तिरकी घ्यायची, एकेक चाक चढवायचं, म्हणजे पोट घासत नाही. मागून टमटमवाला हॉर्न वाजवतो. ३०६ अश्वशक्ती, आणि ‘भिया, चला ना!’

आमचा खरा हंगाम दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत. मेमध्ये छप्पर उघडणाऱ्याला मी शहाणा म्हणणार नाही. पावसाळ्यात गाडी उभी राहते आणि मग दोन शत्रू : उंदीर आणि पेट्रोल. उंदरांना वायरिंग आवडतं, एका बॉक्स्टरची तर सगळी माळच खाल्ली. आणि आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, ते पाणी ओढतं, म्हणून टाकी अर्धी ठेवून गाडी महिनोन्‌महिने झाकून ठेवू नये. आठवड्याला एकदा अर्धा तास फिरवा. बॅटरीला बारीक चार्जर लावून ठेवा. हे सगळं मी क्लबात शिकलो, फुकट. पोह्यांचे पैसे तेवढे माझे.

सकाळी पावणेसहाला निघतो. महूवरून जामगेट, मग घाट उतरून मंडलेश्वर, महेश्वर. सगळ्यात पुढे एक अनुभवी गाडी, सगळ्यात मागे एक, आणि मधल्यांनी एकमेकांना ओलांडायचं नाही. हा एकच नियम, आणि तो मोडणाऱ्याला पुढच्या रविवारी कोणी फोन करत नाही. अहिल्याबाईंच्या काळच्या त्या दरवाजापाशी थांबलं की खाली अख्खं निमाड धुक्यात दिसतं. विंध्य उतरताना वळणं छोटी, वेग चाळीस-पन्नास. तेवढ्या वेगातही ही गाडी बोलते. चाकाखालचा खडा कंबरेला कळतो.

गेल्या डिसेंबरात आईनं हट्ट धरला. वय ८३. बसवायचं तंत्र असं : आधी पाठ करून टेकायचं, मग दोन्ही पाय आत. उतरताना मात्र दोघांनी हात द्यावे लागतात. डोक्याला मफलर, अंगावर शाल, छप्पर उघडं. महेश्वरला घाटावर कर्नलसाहेबांनी तिला चहा दिला आणि विचारलं, “आई, कशी वाटली गाडी?”

ती म्हणाली, “चांगली आहे. पण त्या ट्रकचं चाक माझ्या डोक्याच्या वर होतं. आणि अहो, याला मागचे टायर बदलायला सांगा, डावा जरा गुळगुळीत दिसतोय.”