कूळ आणि किल्ला: स्कॉटलंडच्या मॅकेंझींची घरं

मंडळी, स्कॉटलंडबद्दल बोलायला आलोय, पण सुरुवात आपल्याच किनाऱ्यापासून करावी लागेल. 1783 सालचा एप्रिल महिना. मुंबईहून मलबारकडे निघालेलं कंपनीचं ‘रेंजर’ हे जहाज विजयदुर्गाजवळच्या पाण्यात आनंदराव धुळपांच्या आरमाराने गाठलं. मराठे आणि इंग्रज यांच्यात सालबाईचा तह झालेला होता, तरी ही लढाई झाली, आणि फार रक्ताची झाली. जहाज पाडाव करून विजयदुर्गाला आणलं गेलं. आपल्याकडे ही गोष्ट धुळपांचा पराक्रम म्हणून सांगतात, आणि तो पराक्रम होताच. पण त्या जहाजावर कोण होतं, हे मला पुष्कळ वर्षं माहीत नव्हतं. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातल्या दोन मोठ्या कुळांचे प्रमुख एकाच डेकवर होते. एक मॅक्लाउड, तो जखमी होऊन वाचला. दुसरा टॉमस फ्रेडरिक मॅकेंझी हंबरस्टन. जखमी अवस्थेत त्याला विजयदुर्गाला उतरवलं आणि 30 एप्रिलला तो तिथेच गेला. वयाची तिशीही त्याने ओलांडली नव्हती.

मी कोकणातला. विजयदुर्गाच्या तटावर लहानपणी किती वेळा बसलो असेन. तिथे मेलेल्या या माणसाचं घर कुठलं, एवढ्या एका प्रश्नाने मला मॅकेंझींच्या मागे लावलं.

आधी शब्द बघू. ज्याला आपण ‘क्लॅन’ म्हणतो तो मूळचा गेलिक शब्द, ‘क्लान’. अर्थ लेकरं. प्रमुखाची लेकरं. मराठीत यासाठी ‘कूळ’ म्हणावं, आणि हा शब्द मला विलक्षण नेमका वाटतो, कारण आपल्याकडे त्याला दोन अर्थ आहेत. ज्या घराण्यात आपण जन्मतो ते कूळ, आणि दुसऱ्याची जमीन खंडाने कसतो तेही कूळ. कूळकायद्यातलं कूळ. मॅकेंझींच्या मुलखातला सामान्य माणूस एकाच वेळी दोन्ही होता. तो प्रमुखाला आपल्या रक्ताचा मानायचा आणि त्यालाच खंडही द्यायचा. आपल्या पूर्वजांनी राखलेल्या जमिनीवर आपला हक्क आहे, ही त्याची श्रद्धा होती. गेलिकमध्ये त्या हक्काला ‘दूखस’ म्हणतात. राजाच्या सनदेत मात्र जमीन एकट्या प्रमुखाच्या नावावर असायची. या दोन गोष्टींमधली फट दोनशे वर्षं रुंदावत गेली, आणि मॅकेंझींच्या घरांचा सगळा इतिहास त्या फटीतून दिसतो.

नावाचंही सांगून टाकतो. मॅकेंझी म्हणजे कोन्याखचा, म्हणजे केनेथचा मुलगा. यातला ‘झ’ मुळात नाहीच. जुन्या स्कॉट लिपीत एक अक्षर होतं, त्याचा उच्चार ‘य’च्या जवळचा. छापखान्यात ते अक्षर नव्हतं, म्हणून त्याच्यासारखा दिसणारा ‘झेड’ बसवला, आणि पुढे सगळं जग तसंच म्हणू लागलं.

त्यांचं मूळ ठाणं एलन डोनन. पश्चिम किनाऱ्यावर किंटेल नावाचा मुलूख आहे. समुद्राचे तीन फाटे, तिकडच्या भाषेत ‘लॉख’, जिथे एकमेकांना मिळतात त्या जागी एक चिमुकलं बेट, आणि त्यावर तेराव्या शतकातला किल्ला. आपल्या खाड्या डोळ्यांपुढे आणा आणि दोन्ही अंगांना सह्याद्री पाण्यापर्यंत खाली उतरलाय असं समजा. किल्ला मॅकेंझींचा, पण तो राखायचं काम मॅक्रे नावाच्या दुसऱ्या कुळाकडे असे. मॅक्रे म्हणजे मॅकेंझींचं चिलखत, अशी तिकडे म्हण आहे. हे मॅक्रे ध्यानात ठेवा.

सतराव्या शतकात मॅकेंझी वाढत गेले. 1610 मध्ये लुइस बेट त्यांच्याकडे आलं, 1623 मध्ये प्रमुखाला ‘अर्ल ऑफ सीफोर्थ’ हा किताब मिळाला. पूर्वेकडे, सुपीक सखल भागात त्यांनी ब्रॉन नावाचा नवा वाडा बांधला. इथे एक बदल झाला, तो मला महत्त्वाचा वाटतो. प्रमुखाचं बिऱ्हाड किंटेलच्या डोंगरातून हललं. खंड येत राहिला, माणसं येत राहिली, पण रोजचं तोंड दिसणं संपलं.

तरीही निष्ठा किती होती, बघा. पाचवा अर्ल विल्यम 1715 मध्ये ब्रिटनच्या गादीवरून पदच्युत झालेल्या स्टुअर्ट घराण्याच्या बाजूने उठला. हरला, फ्रान्सला पळाला, जहागीर सरकारजमा झाली. 1719 मध्ये तो स्पॅनिश सैनिक घेऊन परत आला. मे महिन्यात इंग्रजी आरमाराच्या तीन जहाजांनी एलन डोननवर तोफा डागल्या आणि आत सापडलेल्या दारूनेच किल्ला उडवून दिला. पुढच्याच महिन्यात ग्लेन शीलच्या खिंडीत पराभव झाला आणि अर्ल पुन्हा परदेशी. अशा वेळी कुळांनी काय करावं? सरकारला खंड द्यायलाच नकार दिला. डोनाल्ड मर्चिसन हा अर्लचा कारभारी. तो वर्षानुवर्षं खंड गोळा करून परागंदा धन्याकडे पोचवत राहिला. 1721 मध्ये सरकारी वसुलीदार बंदोबस्तासह आले तेव्हा याने माणसं जमवून त्यांना डोंगरातूनच परत धाडलं. 1726 मध्ये अर्लला माफी मिळाली, तो घरी आला. मर्चिसनचं चीज मात्र झालं नाही. लॉखच्या काठावर त्याचा स्मारकस्तंभ आहे. तो त्याच्याच घराण्यातल्या रॉडरिक मर्चिसन या भूगर्भशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात उभारला. त्या स्तंभापाशी मी बराच वेळ थांबलो होतो.

आता परत आपल्या समुद्राकडे येऊ. विल्यमचा नातू केनेथ याने 1778 मध्ये राजाच्या सेवेसाठी पलटण उभी केली. तिच्यात मॅक्रे इतके होते की लोक तिला ‘रानटी मॅक्रे’ म्हणू लागले. एडिंबरोजवळ मुक्काम असताना बातमी पसरली की आपल्याला ईस्ट इंडिया कंपनीला विकलंय. शेकडो शिपाई हत्यारांसकट आर्थर्स सीट या टेकडीवर चढून बसले. पगाराची बाकी मिळेल, शिक्षा होणार नाही आणि हिंदुस्थानात पाठवणार नाही, असा लेखी शब्द घेऊनच ते खाली उतरले. तीन वर्षांनी, 1781 मध्ये, त्याच पलटणीला हिंदुस्थानच्या जहाजांत चढवलं. केनेथ वाटेत वारला. मद्रासला पोचेपर्यंत दोनशेहून अधिक शिपाई दगावले, बहुतेक स्कर्व्हीने. ज्या माणसांनी घरच्या धन्यावर भरवसा ठेवून नाव नोंदवलं होतं, त्यांचा हा शेवट मला आजही वाचवत नाही.

केनेथ कर्जात बुडालेला होता. त्याने 1779 मध्येच सारी जहागीर एक लाख पौंडांना चुलतभावाला विकली होती. तो चुलतभाऊ म्हणजे आपला हंबरस्टन. केनेथ गेला तेव्हा कुळाचं प्रमुखपद याच्याकडे आलं, पण तोही दुसऱ्या पलटणीबरोबर निघून गेलेला होता. पुढे मलबारात हैदराच्या फौजांशी लढला, आणि मग विजयदुर्ग. म्हणजे प्रमुख म्हणून किंटेलच्या मातीवर त्याने पाऊल ठेवलंच नाही.

त्याच्यामागे भाऊ फ्रान्सिस आला. लहानपणच्या तापाने बहिरा झालेला, पण अतिशय बुद्धिमान. त्याने 1793 मध्ये उभी केलेली 78वी पलटण दहा वर्षांनी असईच्या रणात, आजच्या जालना जिल्ह्यात, शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालून गेली. लुइस बेटावरच्या कॉलिन मॅकेंझीला कंपनीत शिरायला याच घराण्याची मदत झाली. तोच कॉलिन पुढे हिंदुस्थानचा पहिला सर्व्हेअर जनरल झाला, आणि दख्खनच्या कैफियती, शिलालेख, हस्तलिखितं यांचा त्याचा संग्रह अभ्यासकांना आजही पुरतो आहे.

फ्रान्सिसच्या काळातच किंटेलची जमीन विकायची वेळ आली. तेव्हा कुळं पुढे आली. तुम्ही इथे येऊन आमच्यात राहा, पैसे आम्ही उभे करतो, असं त्यांनी कळवल्याचं सांगतात. जमीन कसणाऱ्यांनी मालकाची जमीन मालकासाठी सोडवायची तयारी दाखवली! जमीन तरीही गेली. फ्रान्सिसचे चारही मुलगे त्याच्या आधी वारले. 1815 मध्ये तो गेला तेव्हा मुलगी मेरी वारस ठरली. तिचा नवरा, अॅडमिरल हूड, काही दिवसांपूर्वीच मद्रासला वारला होता. हे सगळं एका द्रष्ट्याने आधीच वर्तवलं होतं अशी कथा तिकडे फार लोकप्रिय आहे. मला त्या भाकितापेक्षा कर्जाचे कागद जास्त बोलके वाटतात. 1844 मध्ये लुइस बेट जेम्स मॅथेसनने घेतलं. चीनच्या अफूच्या व्यापारातला हा पैसा, आणि त्या व्यापारात त्याच्या कंपनीचे मुंबईतले मोठे भागीदार होते जमशेटजी जीजीभाई. ब्रॉनचा वाडा विसाव्या शतकात पाडला गेला.

आज कुळाचं प्रमुखपद क्रोमार्टी नावाच्या दुसऱ्या शाखेकडे आहे, आणि प्रमुख राहतो तो कासल लाऊडमध्ये, सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या तांबूस दगडी वाड्यात. सुंदर आहे. पण त्याच शाखेच्या कोयगॅख भागात 1852-53 मध्ये कुळांना जमिनीवरून उठवायच्या नोटिसा निघाल्या होत्या. बायकांनी पुढे होऊन अंमलदारांकडून त्या हिसकावल्या आणि जाळल्या. मालकांना माघार घ्यावी लागली. वाडा बघणाऱ्याने तो किनाराही बघून यावा.

आणि एलन डोनन? दोनशे वर्षं तो भग्न पडून होता. गवत, दगड, पाणी. 1911 मध्ये जॉन मॅक्रे-गिलस्ट्रॅप यांनी बेट विकत घेतलं आणि 1912 ते 1932, वीस वर्षं खपून किल्ला पुन्हा उभा केला. काम पाहणाऱ्या गवंड्याचं नाव फार्कर मॅक्रे. आज कॅलेंडरांवर दिसतो तो हा किल्ला. धनी गेले, आणि ज्यांना त्यांचं चिलखत म्हणत त्यांनी भिंती चढवल्या. किल्ल्याशेजारी दगडी भिंतीत एक स्मारक आहे, पहिल्या महायुद्धात पडलेल्या मॅक्रेंचं. मी ती नावं वाचायला घेतली. भरती चढत होती, शेवटची ओळ होईपर्यंत बेटाभोवती सगळीकडे पाणी झालं होतं.